इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग : घरात नको, रात्री नको

तायांनो, पूर्वी गटाच्या कर्ज मागणी अर्जात शेळी, शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना एवढीच कारणं असायची. आता त्यात एक नवं कारण येतंय : 'इलेक्ट्रिक गाडी घेण्यासाठी'. कुणाला मुलीच्या कॉलेजसाठी स्कूटर हवी असते, कुणाच्या मालकांना ई-रिक्षा, कुणाला पापड-मसाले आठवडी बाजारात न्यायला तीनचाकी. पेट्रोलचा भाव बघता ही मागणी वाढणारच, आणि वाढावीच. साधारण 3 युनिट क्षमतेची बॅटरी असलेली स्कूटर एकदा पूर्ण चार्ज करायला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. त्यात ती 80-100 किलोमीटर जाते. आपल्या बिलावरच्या दराने साडेतीन युनिट गुणून बघा आणि तेवढंच अंतर पेट्रोलवर जायला किती लागतं ते शेजारी लिहा. हिशेब स्पष्ट आहे.

पण गाडी घेताना रंग, किंमत, एका चार्जमध्ये किती जाते हे सगळे विचारतात. चार्ज कुठे करायची, हे फार कमी जणी विचारतात. गाडी घरी येते, त्या रात्री पडवीत किंवा पुढच्या खोलीत लागते, चार्जर सर्वांत जवळच्या बोर्डात जातो आणि घर झोपतं. या लेखात बोलायचंय ते याच सवयीबद्दल.

काय घडलं होतं

मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला एका घरात नवी स्कूटर रात्री चार्जिंगला लावली होती. आग लागली. बाप आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. पुढच्याच महिन्यात तेलंगणातल्या निजामाबादला घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला, त्यात घरातले म्हातारे गृहस्थ गेले. सप्टेंबर 2022 मध्ये आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईला, स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. जवळ झोपलेला 7 वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी वारला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली, तिचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि 8 जण गेले.

यातल्या पहिल्या तिन्ही घरांत गाडी रस्त्यावर धावत नव्हती. ती उभी होती किंवा बॅटरी काढून ठेवलेली होती. चार्जिंग चालू होतं, घरात माणसं होती. आणि माणसं दगावतात ती फक्त ज्वाळेने नाही, धुरानेही.

म्हणून इलेक्ट्रिक गाड्या वाईट, असं मात्र कुणी समजू नका. स्वीडनसारख्या देशात नोंदी नीट ठेवतात. तिथे इलेक्ट्रिक मोटारींना आग लागण्याचं प्रमाण पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपेक्षा बरंच कमी दिसलं आहे. फरक एवढाच की पेट्रोलचा डबा आपण कधी झोपायच्या खोलीत, चिमणी पेटवून, उशाशी ठेवत नाही. त्याचं भय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बॅटरीचं अजून माहीत नाही.

बॅटरीच्या आत काय असतं

बाहेरून एक पेटी दिसते, पण आत एक बॅटरी नसते. टॉर्चच्या सेलसारखे दिसणारे कितीतरी छोटे सेल एकमेकांना जोडून बसवलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन थर, मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा आणि सगळ्यात मुरलेलं एक द्रव. हे द्रव पेट घेणारं आहे. गाडी आपटली, पेटी चेपली, सेलच हलक्या प्रतीचा निघाला किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाला, तर तो पडदा फाटतो. मग आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन सेल तापतो. तापला की आत गॅस तयार होतो, त्याने आणखी तापतो, फुटतो आणि शेजारच्या सेलला तापवतो. एकदा हे सुरू झालं की चार्जर काढला तरी थांबत नाही.

दोन गोष्टी इथे समजून घ्या. एक, यातल्या बऱ्याच बॅटऱ्या जळताना आतूनच प्राणवायू सोडतात. त्यामुळे गोणपाट किंवा घोंगडी टाकून ही आग विझत नाही, आत धुमसत राहते. दुसरं, तिचा धूर चुलीच्या धुरासारखा नाही. त्यात विषारी वायू असतात. खोली लहान असेल तर काही श्वासांतच माणूस बेशुद्ध पडू शकतं.

हे होऊ नये म्हणून चांगल्या बॅटरीत एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिला बीएमएस म्हणतात. प्रत्येक सेल किती तापला, किती भरला यावर ती लक्ष ठेवते आणि गडबड दिसली की चार्जिंग तोडते. स्वस्त बॅटरीत पैसा वाचवतात तो बहुतेक इथेच.

रसायनांतही फरक आहे. 'एलएफपी' प्रकारची बॅटरी जास्त उष्णता सहन करते. 'एनएमसी' वजनाला हलकी आणि जास्त पल्ला देणारी, पण लवकर तापणारी. दुकानदाराला 'बॅटरी एलएफपी आहे का?' असं विचारायला काहीच हरकत नाही. उत्तर येतं का, यावरून दुकानही कळतं.

बऱ्याच ई-रिक्षांत मात्र अजून जुनी, पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती अशी धडाधड पेटत नाही, पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. बंद खोलीत तो साठला आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणजे जागा मोकळी आणि हवेशीर तिलाही लागतेच. ज्या गटांकडे नमो ड्रोन दीदी योजनेचा ड्रोन आहे, त्यांनीही हे वाचावं. ड्रोनच्या बॅटऱ्या लिथियमच्याच असतात आणि गरम असतानाच पुन्हा चार्जिंगला लावायची घाई फवारणीच्या दिवसांत फार होते.

घरातली जागा

आपल्या घरांची अडचण अशी की दार बहुधा एकच. स्कूटर त्याच दारात किंवा पडवीत. रात्री तिथे काही झालं तर आग दारात आणि माणसं आत. सगळी सावधगिरी एका बाजूला ठेवली तरी चालेल, पण हे एक मनावर घ्या : बाहेर पडायच्या वाटेवर गाडी चार्ज करायची नाही.

मग कुठे? अंगणात, घराच्या भिंतीपासून सुटं, वर पत्र्याचं छप्पर असलेल्या मोकळ्या जागेत. गोठ्यात नको. तिथे कडबा असतो, जनावर दाव्याला बांधलेलं असतं, ते पळू शकत नाही. गोवऱ्यांची उतरंड, गवताची गंजी, सरपण, गॅसची टाकी यांच्याजवळ नको. काढता येणारी बॅटरी असेल तर ती पलंगावर, गादीवर, सोफ्यावर ठेवून चार्ज करणं तर अगदीच नको. फरशीवर ठेवा, भोवती मोकळं ठेवा, वर कपडा टाकू नका.

वेळ दिवसाची. रात्रभर लावून झोपणं सोयीचं वाटतं हे खरं, पण दिवसा कुणीतरी जागं असतं, वास येतो, धूर दिसतो. दिवसाचा दुसरा फायदा पैशाचा आहे, तो पुढे सांगते. पूर्ण भरल्यावर चार्जर काढून ठेवा. उन्हातून पळवून आणलेली गाडी लगेच लावू नका. विदर्भात, मराठवाड्यात मे महिन्यात गाडीची सीटसुद्धा हात लावू देत नाही, मग आतल्या बॅटरीचं काय असेल? सावलीत तासभर थंड होऊ द्या.

बोर्डाचं काय? चार्जर तासन्‌तास सलग वीज ओढतो. मोबाईलच्या चार्जरसारखा तो नाही. त्याला मोठ्या पिनचं, 16 अँपियरचं सॉकेट आणि वेगळा एमसीबी हवा. लांबलचक एक्स्टेंशन, उघड्या वायरी पिनेशिवाय सॉकेटमध्ये खोचणं, ढिला बोर्ड, हे सगळं बंद. अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळ जुन्या घरांत तिसऱ्या पिनेचं भोक नुसतं शोभेला असतं. आकडा टाकून गाडी चार्ज करणं तर बेकायदा आणि जिवावरचं, दोन्ही.

चार्जर कंपनीचाच. तो बिघडला तर बाजारातला 'सेम टू सेम' स्वस्त चार्जर आणायचा मोह होतो. व्होल्टेज थोडं जरी जास्त असलं तरी बॅटरी प्रमाणाबाहेर भरत राहते. पाच-सातशे रुपये वाचतात आणि घर पणाला लागतं.

आणखी एक, पुराचं. 2019 आणि 2021 मध्ये सांगली-कोल्हापूरला, 2021 मध्ये चिपळूणला पाणी कुठवर आलं होतं ते आपण पाहिलं. पाण्यात बुडालेली गाडी वाळवून चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची तर नाहीच. पाणी आत शिरलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेटू शकते. ती घरापासून लांब उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा.

पेटलीच तर

आधी इशारे ओळखा. पेटी फुगलेली दिसते, हात लावला तर चटका बसतो, वेगळाच उग्र किंवा गोडसर वास येतो, 'सुस्स' असा आवाज येतो, पांढरा धूर निघतो. एवढं दिसलं की वेळ फार थोडा असतो.

पहिलं काम माणसं बाहेर. पोरं, म्हातारी, आजारी. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत. गाडी बाहेर ओढायला कुणीही जायचं नाही, गटाचं कर्ज शिल्लक असलं तरी नाही! मेनस्विच वाटेत असेल तर पाडा, नसेल तर त्यासाठी आत जाऊ नका. बाहेर आल्यावर दार ओढून घ्या, म्हणजे धूर आणि आग पसरायला वेळ लागतो. मग 101 किंवा 112 वर फोन.

पाणी टाकावं का, हा प्रश्न नेहमी येतो. वीज बंद झाल्याची खात्री असेल तर लांबून पाणी टाकायचं. ते ज्योत विझवायला नाही तर बॅटरी थंड करायला, म्हणून खूप लागतं. दोन कळशांनी काही होत नाही, मोटारीचा पाइप किंवा टँकर हवा. वाळू टाकली तर आजूबाजूला पसरणारी आग रोखायला मदत होते, बॅटरी मात्र थंड होत नाही. आणि विझली असं वाटलं तरी विश्वास ठेवू नका. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही ती पुन्हा पेटते. जळालेली गाडी घरापासून, झाडापासून, गंजीपासून निदान 50 फूट लांब राहू द्या.

कुणी भाजलं तर भाजल्या जागेवर साधं थंड पाणी 20 मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई, तेल काहीही लावायचं नाही. 108 ला फोन करा. धूर छातीत गेलेला माणूस चालत-बोलत असला तरी दवाखान्यात न्या.

कर्ज देताना गटाने काय बघावं

आता आपल्या अधिकारातली गोष्ट. गटाचं कर्ज हा आपलाच पैसा आहे, त्यामुळे बैठकीत चार प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्यात अर्जदार ताईचा अपमान नाही, तिचं भलंच आहे.

2022 च्या आगींनंतर केंद्र सरकारने बॅटरीचे नियम कडक केले. दुचाकी-तीनचाकीसाठीच्या या नियमाचं नाव 'एआयएस 156'. त्याचा पहिला टप्पा 1 डिसेंबर 2022 पासून आणि दुसरा 31 मार्च 2023 पासून लागू झाला. सेलची चाचणी, बीएमएस, चार्जर आपोआप तुटणं, पाणी आत न शिरणं, एक सेल तापला तर शेजारी आग जाऊ नये याची चाचणी, असं बरंच त्यात आहे. ही तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. आपल्यासाठी याचा सोपा अर्थ असा : जुनी गाडी घेत असाल तर ती एप्रिल 2023 नंतर बनलेली आहे का ते आरसी बुकात बघा. त्याआधीची स्वस्तात मिळते, पण स्वस्त का मिळते तेही समजून घ्या.

दुसरा मुद्दा 'लायसन नको, पासिंग नको' म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा. मोटर 250 वॉटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल तर नोंदणी आणि लायसन खरंच लागत नाही. मुलींना, वयस्कर बायांना त्या सोयीच्या पडतात. पण त्यांनाही मान्यताप्राप्त संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र लागतं, ते दुकानदाराकडे मागा. काही ठिकाणी 'स्पीड वाढवून देतो' म्हणतात. असा बदल बेकायदा आहे. 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. शिवाय जास्त वेगासाठी बॅटरीवर जास्त भार येतो, जो पेलायला ती बनवलेलीच नसते.

तिसरा मुद्दा विम्याचा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपली स्वतःची गाडी जळाल्यावर काही मिळत नाही. बिननोंदणीच्या गाडीला तर बहुतेक वेळा विमाच नसतो. गाडी गेली तरी हप्ता राहतो, आणि तो त्या ताईच्या बचतीतून जातो. म्हणून पक्कं बिल, बॅटरी आणि चार्जरचा नंबर, वॉरंटी कार्ड, विम्याची प्रत, एवढं लेखापालाने कर्जाच्या फाइलला लावून घ्यावं. आणि पाचवा कागद नसलेला प्रश्न : 'चार्जिंग कुठे करणार?' उत्तर 'पुढच्या खोलीत' असेल तर अंगणात सॉकेट काढायचा दोन-तीन हजारांचा खर्चही कर्जात धरून द्यावा. माझ्या मते गाडीचं कर्ज देऊन सॉकेटचं न देणं म्हणजे बैल देऊन दावं न देणं.

धोरण मुंबईत, चार्जिंग गावात

राज्य सरकारने 2025 मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं, ते 2030 पर्यंत आहे. त्यात खरेदीला सवलत आहे, महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय करायची आहे, समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसला टोलमाफी आहे. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळे त्या टोलमाफीचा आपल्या स्कूटरला काही उपयोग नाही! शहरातल्या महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आहे. त्यात 20 टक्के शासनाचे, 70 टक्के बँकेचं कर्ज आणि 10 टक्के स्वतःचे. हे सगळं चांगलं आहे, पण गावातल्या एक दार असलेल्या घरात चार्जिंग कुठे करायचं, याचं उत्तर मंत्रालयातून येणार नाही. ते ग्रामसभेतच निघेल.

सौरऊर्जेशी याचा सरळ संबंध आहे. पीएम सूर्यघर योजनेत घरावर 1 किलोवॉटला 30 हजार, 2 किलोवॉटला 60 हजार आणि 3 किंवा जास्त किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीसारखं गाव सौरग्राम म्हणून पुढे आलं. छतावरची वीज तयार होते दिवसा. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना महावितरणने जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलतही दिली आहे. म्हणजे जी वेळ सुरक्षित, तीच वेळ स्वस्त. रात्री चार्ज करण्याचं कारणच उरत नाही, गाडी दिवसभर बाहेर असेल तेवढा अपवाद. अशांसाठी गावात दुसरी जागा हवी.

ती जागा म्हणजे ग्रामपंचायतीची किंवा शाळेजवळची मोकळी जागा, वर पत्रा, खाली कोबा, 16 अँपियरची चार-सहा सॉकेट, बाहेर मेनस्विच, शेजारी पाण्याचा नळ आणि वाळूच्या बादल्या. चार्जिंग स्टेशन चालवायला वेगळा परवाना लागत नाही. महावितरणकडे त्यासाठी स्वतंत्र वीजजोडणी आणि स्वतंत्र दर आहे. त्यामुळे ग्रामसंघही ते चालवू शकतो. मात्र गावात पाच-सात गाड्या असतील तर त्यातून फार कमाई होणार नाही, उगाच लाखाचं मशीन घेऊ नका. आधी साधी सॉकेटं, युनिट मोजायला मीटर आणि वही. गाड्या वाढतील तसं बघू.

पैशासाठी दोन वाटा आहेत. एक, गावाच्या विकास आराखड्यात हे काम घालणं. दुसरी, माझी वसुंधरा अभियान. त्यात 'अग्नी' म्हणजे ऊर्जेच्या कामाला गुण असतात आणि चांगलं काम करणाऱ्या ग्रामपंचायतींना बक्षीस असतं, त्यामुळे सरपंचांनाही यात रस वाटतो.

प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे ठराव मांडा. शब्द साधे ठेवा : 'गावात इलेक्ट्रिक वाहनांसाठी घरांपासून सुरक्षित अंतरावर सामाईक चार्जिंग शेड करावी, तिचा समावेश विकास आराखड्यात करावा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची सोय करावी.' शेवटची ओळ गाळू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी कंपनीची आहे आणि ती इतर कचऱ्यात टाकायची नाही. भंगारवाला ती फोडतो, किंवा ती महिनोन्‌महिने माळ्यावर पडून राहते. ठराव इतिवृत्तात आला का ते ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) जाऊन वाचा आणि त्याची एक प्रत ग्रामसंघाच्या फाइलला लावा. पुढची सभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर यांपैकी जी जवळ असेल ती.